चित्राखाली नाव कुणाचं?

या वेळेला आपण एरवी हप्ता, व्याज, नोंदवही यांवर बोलतो. आज चित्रांवर बोलणार आहोत. चित्र म्हणजे हौस, असं समजून कुणी रेडिओ बारीक करू नका. हौस आहेच, पण हिशेबही आहे आणि थोडा कायदाही आहे.

आमचा भाग जव्हार-विक्रमगडकडचा. आमच्या प्रभागातल्या पाच गटांतल्या बारा जणी वारली चित्रं काढतात. गेल्या माघात शहरातल्या एका बागेत फुलांचं प्रदर्शन भरलं, त्यातल्या मांडवात या बाराजणींची बारा चित्रं लागली. विषय बागेच्या लोकांनीच दिला होता: वसंतातली फुलं. चित्रं लागली हे तुम्हाला कळलं असेल. ती लागेपर्यंत कशाकशावर बोलणं झालं, ते आज सांगतो, कारण असं बोलावणं उद्या तुमच्याही गटाला येईल.

बोलावणं आलं ते फोनवर. सोबत नमुन्याला फोटो आले. ट्युलिप, डॅफोडिल, पॅन्सी. बैठकीत फोन हातोहात फिरला. एका मावशींनी ट्युलिप बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "ही कांद्याची जात दिसते." बरोबरच आहे, ते कंदातूनच येतं. मग दुसरीने विचारलं, "हे आपल्याकडे कुठे फुलतं?" कुठेच नाही.

यात बागेच्या लोकांचं वाईट काही नाही. शहरातली फुलांची प्रदर्शनं जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, कारण कुंड्यांतली हंगामी फुलं, म्हणजे पिटुनिया, पॅन्सी, डेलिया, थंडीतच नीट येतात. पावसाळा सरता सरता बी पेरलं की माघापर्यंत कुंड्या भरून जातात. त्यांचा वसंत असा कुंडीत येतो. आपला येतो तो उघड्या झाडावर. पानं झडलेली, गवत वाळलेलं, ओहोळात पाणी नाही आणि त्यात एखादी काटेसावर अंगावर एक पान नसताना लालभडक उभी. हा वसंत आमच्या बाया लहानपणापासून बघत आल्या आहेत. म्हणून आम्ही बागेला कळवलं की फुलं काढू, पण आमच्या डोंगरातली. त्यांनी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच म्हणतील असं वाटलं नव्हतं.

मग यादी केली. पळस, पांगारा, काटेसावर, मोह, बहावा, कांचन, शिरीष, करंज, कुडा, आंब्याचा मोहर, काजूचा मोहर, शेवगा. बरोबर बारा. यादी सोपी होती, काढणं सोपं नव्हतं. चित्रं काढायची पौषात आणि यातली निम्मी झाडं तेव्हा फुललेली नसतात. शेवगा, आंबा, काजू समोर मिळाले. सावरीला कळ्या होत्या. पळस खरा फुलतो तो फाल्गुनात. मोह त्याच्याही पुढे, आणि बहावा तर थेट चैत्र-वैशाखात. समोर काय, तर बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा तेवढ्या लोंबत होत्या.

कुणी म्हणालं, फोटो बघून काढू. आम्ही आधी दोन दिवस फोन बाजूला ठेवायला सांगितला. आठवून सांगा, फूल कसं असतं? आणि मग जे काही निघालं, ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. पळसाची कळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी आणि तिचं देठाकडचं बोंड काळपट, मखमली. म्हणजे नुसतं केशरी काढलं तर पळस होणार नाही, तो काळा हवा. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला गोळा होतात आणि खोडाला काटे. काटे सावरीलाही, पण तिचे जाड, बुडाशी रुंद. सावरीच्या फुलात मध असतो म्हणून सकाळी साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि खारी, सगळ्यांची गर्दी. फूल पडतं तेव्हा पट्ट आवाज येतो, इतकं ते जड. बहाव्याचा घोस खाली लोंबतो, वरच्या कळ्या आधी उमलतात आणि टोकाच्या मिटलेल्या राहतात, म्हणून घोस वर रुंद, खाली निमुळता. हे शेवटचं सांगणाऱ्या ताई शाळेत चौथीपर्यंत गेल्या आहेत. वनस्पतीच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

मोहाचं चित्र ज्यांच्या वाटणीला आलं, त्या आजी तर म्हणाल्या, "मोहाचं फूल झाडावर कोण बघतं? आपण ते भुईवर बघितलंय." खरंच आहे. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ती वेचायला अंधारात जायचं, गुरांच्या आधी पोचायचं, टोपली भरून आणून अंगणात वाळवायची. आजींच्या चित्रात झाड एका कडेला आहे. मधली सगळी जागा जमीन, जमिनीवर पांढरे ठिपके आणि वाकलेल्या बाया. एका बाईच्या पाठीला पोर. फुलाचं चित्र मागितलं होतं ना, तर फूल असं असतं. बाराही चित्रांत आम्हाला हेच जास्त आवडलं, आमचं मत लपवत नाही.

रंगावरून मात्र वाद झाला. वारली चित्र गेरूवर पांढऱ्याने काढायचं, ही रीत. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, थोडा डिंक, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. मग पळस पांढरा काढायचा का? मोठ्या बाया म्हणाल्या, पांढराच. आकार ओळखू आला की पुरे, रंग बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. दोघी तरण्या पोरी म्हणाल्या, केशरी ठिपके दिले तर काय बिघडलं? शेवटी ज्याची त्याची मर्जी असं ठरलं. दहा चित्रं पांढरी, दोन रंगीत. बागेत लोकांनी सगळ्यात जास्त फोटो काढले ते केशरी पळसाचे, हेही सांगायला हवं. मोठ्या बायांनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

तांदळाचं पीठ मात्र आम्ही या वेळी वापरलं नाही. उघड्या मांडवात दव पडतं, पीठ सुटतं, किडा लागतो. मांजरपाटाच्या कापडावर गेरू आणि फेविकॉलचा हात दिला, सावलीत वाळवला आणि वर ॲक्रिलिकचा पांढरा. भिंतीवरचं चित्र वर्षाने पुसून नवं काढायचं असतं. विकायचं चित्र टिकायला हवं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक आहेत.

एक मागणी आम्ही नाकारली. बागेच्या मंडळींनी विचारलं होतं की मध्ये पालघाट देवीचा चौक काढून भोवती फुलं घेता येतील का, शोभून दिसेल. चौक लग्नात काढतात. घरातल्या भिंतीवर, सवाशिणी काढतात आणि धवलेरी गाणी म्हणते. तो विकायला काढणारेही आहेत, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण आमच्यातल्या तिघी चौघी म्हणाल्या की ती देवी लग्नघरी बोलावलेली असते, तिला तिकिटाच्या मांडवात टांगायचं नाही. बागेनेही आग्रह धरला नाही.

आता पैशाकडे येतो.

पहिल्यांदा त्यांनी सांगितलं एका चित्राला ५०० रुपये आणि प्रमाणपत्र. "तुमच्या बायकांना प्रसिद्धी मिळेल," असंही म्हणाले. प्रसिद्धी मिळते, खोटं नाही. पण दुकानदार प्रसिद्धी घेऊन तांदूळ देत नाही. आम्ही बैठकीत फळ्यावर हिशेब मांडला. तो तसाच सांगतो, हवं तर लिहून घ्या. दोन बाय तीन फुटांच्या चित्राला पूर्ण चार दिवस लागतात. अधूनमधून बसायचं तर दोन आठवडे लागतील, पण कामाचे तास जोडले की चार दिवस. एका दिवसाचे किती धरायचे? तर निदान रोजगार हमीचा रोज धरा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात तो २९७ रुपये होता. चार दिवसांचे ११८८. पण रोजगार हमीवर माती उचलायला जो जाईल त्याला तो रोज मिळतो. हे काम प्रत्येकीला येत नाही, ते शिकायला वर्षं गेली, म्हणून मजुरीच्या निम्मे आणखी धरले, ५९४. कापड, गेरू, रंग आणि चौकट मिळून ३५०. एस.टी.चं भाडं वाटून ६०. बेरीज २१९२.

फळ्यावर आकडा बघून आमच्यातल्याच एकीने विचारलं, "इतके कोण देणार?" हा प्रश्न आपल्याच तोंडून आधी येतो, समोरच्याच्या नंतर. बागेच्या लोकांपुढे आम्ही तोच हिशेब ठेवला, ओळीने. चौकटी त्यांनी स्वतः करून द्यायच्या ठरल्या, ते २०० कमी झाले. उरले १९९२. शेवटी १९०० वर जमलं. बारा चित्रांचे २२,८०० रुपये, निम्मे आधी. ५०० ला हो म्हटलं असतं तर सगळे मिळून ६,००० आले असते, आणि साहित्याचा खर्च त्यातूनच. घासाघीस म्हणजे भांडण नव्हे. हिशेब लेखी असला की समोरचा माणूसही हिशेबावरच बोलतो.

यापेक्षा जास्त वेळ लागला तो नावाला. प्रत्येक चित्राखाली चित्रकर्तीचं नाव आणि पाड्याचं नाव लिहा, असं आम्ही म्हटलं. उत्तर आलं की बारा नावं कशाला, सगळ्यांसाठी एक फलक लावू, "स्थानिक महिला कलाकार". फलक लांबतो, लोक वाचत नाहीत, वगैरे. आम्ही त्या बागेत जाऊन आलो होतो. तिथे प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी आहे. पळसाच्या पाटीवर पळस, खाली ब्युटिया मोनोस्पर्मा, खाली कूळ. आमच्यातल्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "झाडाला तीन ओळी लिहिता, बाईला एक नको?" समोरचे साहेब हसले आणि वहीत लिहून घेतलं.

नावाचा एवढा आग्रह का, ते सांगतो. वारली चित्र ही मुळात बायांची कला. लग्नाच्या भिंतीवर सवाशिणीच काढायच्या. १९७०च्या दशकात भास्कर कुळकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांचं काम त्यातून जगापुढे गेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मोठा माणूस, त्यांच्यामुळे वारली हे नाव परदेशात पोचलं. पण त्यांच्याआधी शेकडो भिंती रंगवलेल्या बायांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? आम्हाला येत नाही. हेच भास्कर कुळकर्णी त्याआधी बिहारमध्ये मधुबनीला गेले होते, तिकडे १९६६-६७ च्या दुष्काळात बायांना चित्रासाठी कागद दिला गेला. तिथे बायांची नावं पुढे आली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवी, गंगा देवी. कला तशीच घरातली, भिंतीवरची, लग्नाची. चित्रापाठोपाठ नावही बाहेर गेलं, एवढाच फरक.

आणि हे जुनं झालं असंही नाही. आमच्या एका गटातल्या बाईची चित्रं आजही मुलाच्या सहीने जातात. व्यापाऱ्याशी फोनवर तो बोलतो, म्हणून सही त्याची. मुलगा चांगला आहे, आईला पैसे देतो. त्याच्याशी बोललो तेव्हा म्हणाला, "आईला सही येत नाही ना." आता त्या अंगठा उठवतात आणि शेजारी नाव लिहिलेलं असतं. सही म्हणून अंगठाही चालतो, बँकेत चालतो तसा.

आता कायद्याचा भाग. हा कंटाळवाणा आहे, पण यावेळी कान इकडे द्या. चित्र विकणं एक आणि ते चित्र छापायचा हक्क देणं वेगळं. आपण आपल्या मनाने चित्र काढलं आणि नंतर कुणी विकत घेतलं, तर त्याला कापड मिळालं. पिशवीवर, कॅलेंडरवर छापायचा हक्क आपल्याकडेच राहतो, लिहून दिल्याशिवाय जात नाही. पण कुणी आधी सांगून, पैसे ठरवून चित्र काढून घेतलं, तर उलटं होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की असं काढून घेतलेलं चित्र असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर छापायचा हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे ऑर्डर घेतली आणि कागद केला नाही, की हक्क गेला.

आमच्या एका बहिणीचं असंच झालं आहे. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने तिच्याकडून ताडाच्या झाडाचं चित्र सांगून काढून घेतलं, ८०० रुपये दिले. पुढे तेच चित्र तिला बाजारात पिशव्यांवर दिसलं. ती पिशवी तिने स्वतः विकत घेतली. वर नाव नव्हतं. छपाईच्या पैशांसाठी ती फार काही करू शकत नव्हती, कारण कागद नव्हता. पण नावाचं तसं नाही. त्याच कायद्याचं कलम ५७ आहे. छापायचा हक्क दुसऱ्याकडे गेला तरी "हे मी काढलं आहे" असं सांगायचा हक्क काढणाऱ्याचाच राहतो. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलं झालं, पण ते कलेच्या नावाचं रक्षण करतं. बाईचं नाव त्यात येत नाही, ते आपल्यालाच लिहायला लावायचं.

म्हणून बागेशी आम्ही एक पानाचं पत्र केलं, दोन्हीकडच्या सह्यांनी. चित्रं किती, किंमत किती, निम्मे पैसे आधी. प्रत्येक चित्राखाली नाव आणि पाडा. छापायचा हक्क चित्रकर्तीचा. कॅलेंडर, पिशवी, कार्ड असं काही छापायचं असेल तर आधी विचारायचं, वेगळं पत्र, वेगळे पैसे. वकील लावला नाही. मराठीत लिहिलं, बैठकीत मोठ्याने वाचलं, मग सह्या.

पाट्या लिहिताना एक गंमत झाली. बागेने विचारलं, पूर्ण नावं कळवा. पूर्ण म्हणजे काय? कुणी नवऱ्याचं नाव मध्ये लावलं. एकीला नवऱ्याने दहा वर्षांपूर्वी टाकलं आहे, ती म्हणाली, त्याने एक रेघ ओढली नाही, त्याचं नाव कशाला? तिने आईचं लावलं. मोहवाल्या आजींनी नुसतं आपलं नाव आणि पाडा सांगितला. पत्र्याच्या बारा पाट्या लागल्या, झाडांना असतात तशाच हिरव्या.

प्रदर्शन चार दिवस होतं. शेवटच्या दिवशी आम्ही टेम्पो करून सगळ्या जणी गेलो. सगळ्यांना पाट्या वाचता येत नव्हत्या, तर एकीची दुसरीने वाचून दाखवली.

आता पुढचं. बागेकडून विचारणा आली आहे, येत्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी बारा चित्रं छापायची आहेत, किती घ्याल? पत्रात लिहिलं होतं म्हणूनच विचारलं. प्रती किती काढणार ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, ते कळल्याशिवाय आकडा सांगायचा नाही असं बैठकीत ठरलं आहे. दोघींना वाटतं एकरकमी घ्यावेत, बाकीच्यांना वाटतं प्रतीमागे घ्यावेत. येत्या बुधवारी त्यावर बसणार आहोत. तोवर बहाव्याच्या ताईंनी एक चित्र बदलून मागितलं आहे. सध्या बहावा फुलला आहे, त्या रोज येता जाता बघतात आणि म्हणतात, घोसातले लांब वाकडे तंतू मी आठवणीने काढले ते दोन, प्रत्यक्षात प्रत्येक फुलात तीन असतात. कॅलेंडरवर जायचं तर तीन हवेत.

पत्राचा नमुना ग्रामसंघाच्या कपाटात ठेवला आहे. ज्या गटाला हवा असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी येऊन उतरवून घ्यावा, वही आणि पेन बरोबर आणा.